आहेराची ट्रॉली

मानवत,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. राजूस, मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि पाथरीच्या कॉलेजातल्या मॅडमला वेगळा नमस्कार.

मामाचं पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत बरी आहे. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्ट यायचाय. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद आहे. तुझी मामी येईल त्याला सांगायलीय की लग्नापासून पहिल्यांदाच तिला घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू आला. जिनिंगवर हरिओम बसतो. मी गेलो तर कामगारांवर ओरडल्याशिवाय राहणार नाही, म्हणून पोरगं मला गेटच्या आतबी घेत नाही. स्वतःच्या कारखान्यातून हाकललेला मालक तू कुठं बघितला नसशील. पुढच्या गोष्टीत घाल.

भेटायला येते म्हणून कळवलंस. येऊ नकोस. पाथरीहून मानवत काय लांब आहे, पण तू समोर बसलीस की मी बोलणार, हे तुलाबी मालूम आहे. मोबाइलवर लिहावं तर माझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. म्हणून हा कागद. सवय आहे मला. कापसाच्या गठाणीवर नंबर टाकता टाकताच माझं अक्षर वळणावर आलं.

आता तुझ्या गोष्टीचं. दिवाळी अंक मी ऑपरेशनच्या आधी दुकानात जाऊन स्वतः आणला. भाचीचं नाव छापून आलंय म्हणून पाच घेतले आणि चार वाटले. वाचला नंतर. इथं माझा क्रम चुकला.

दवाखान्यातून आल्यावर तुझ्या मालनमामीनं वाचून दाखवला. अर्ध्यावर तिचा आवाज बारीक व्हायला लागला, मी हातानं पुढं वाच म्हणायलो. तुझ्या गोष्टीतला जिनिंगवाला पाच अंगठ्या घालतो, गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो, आणि भाचीच्या लग्नात ट्रॉली भरून आहेर आणतो. वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या तशाच. पोरीचे वडील जुन्या जमिनीचे मालक. ते अख्ख्या गोष्टीत तीनदा बोलतात. शेवटी खिशातून रुमालात बांधलेली आपल्या आईची अंगठी काढून पोरीच्या हातावर ठेवतात. तिथं मालनच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याबी आलं, लिहिलंयच तसं.

राजू, मी अंगठी एकच घालतो. आणि तुझ्या लग्नातल्या वस्तूंवरच्या चिठ्ठ्या मी आदल्या दिवशी बसून काढल्या होत्या. कपाटाच्या आरशावरची निघंना म्हणून मालनने रॉकेल लावलं होतं. बाकी ट्रॉली खरी आहे.

एकच विचारतो. जिनिंगवाल्यानं पैसा कुठून आणला, हे तुझ्या गोष्टीतलं सगळं गाव विचारतं. वडलांची जमीन कुठून आली, हे कुणीच विचारत नाही. असं का, तेवढं मला समजावून सांग.

लोभ होता तेवढाच आहे, गोष्टीनं तो कमी झालेला नाही.

तुझा,
योगीराज मामा


पाथरी,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामांस, राजूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कॉलेजात मिळालं. तिसऱ्या तासाला बारावीवर जायचं होतं, तो तास मी दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगितला आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून दोनदा वाचलं. रिपोर्ट आला का, हे आधी कळवा. बाकी कितीही रागवा.

मी लिहिणार होते की गोष्टीतला माणूस म्हणजे तुम्ही नाही, असे लोक मी पाथरीत, सेलूत, परभणीत पाहिलेत, दहा जणांचा मिळून एक केला. लेखक असंच सांगतात. पण तुम्हाला असं सांगून भागणार नाही. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं तुमचीच ट्रॉली होती. फ्रिज, कपाट, टीव्ही, शिलाई मशीन, गाद्या, वर दोरीनं बांधलेला सोफा, आणि पुढं बॅंडवाले. मी मांडवात मैत्रिणींमध्ये बसले होते. एकीनं विचारलं, की हे दुकान कुणाचं आलंय. सगळ्या हसल्या. मामा, मीही हसले. अकरा वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

लहानपणापासून वालूरच्या घरात मी वडलांकडं बघून एक गोष्ट न शिकवता शिकले. आपल्याकडं असलेल्या वस्तूबद्दल बोलायचं नाही. आबा नवा ट्रॅक्टर आला तरी तो दहा वर्षांपासून उभा असल्यासारखं बघायचे. तुम्ही यायचात ते पेढ्याचा पुडा हातात धरून, आणि अंगणातूनच सांगत यायचात की आज नवं मशीन बसवलं. आम्ही चुलत भावंडं तुमच्या नकला करायचो. तुम्ही आमच्यासाठीच पेढे आणलेले असायचे आणि आम्ही ते खात खात नकला करायचो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. जमीन जणू पावसासारखी आपोआप आली असं मी धरून चालले. आबांना कधी विचारलं नाही, तुम्हालाही नाही. हमाली करणाऱ्याचं जिनिंग कसं झालं हे मला नीट माहीतच नाही, आणि त्यावर मी आठ पानं लिहिली. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी वही परत दिली असती.

एक विचारू का? इतकं सगळं ट्रॉलीतून, बॅंड लावून का आणलंत? गुपचूप टेम्पोनं पाठवता आलं असतं. तुम्ही काही वेडे नाही. माझ्या गोष्टीत याचं कारण नाही, कारण मला ते ठाऊक नाही.

मामींना नमस्कार. पंख्याचा आवाज त्यांनी ऐकून घ्यावा, महिना लवकर संपतो. तुम्ही रागावलात तरी पत्र थांबवू नका, एवढं मागते.

आपली,
राजेश्री


मानवत,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. राजूस, आशीर्वाद, आणि हसलेलं माफ.

रिपोर्ट आला. गाठ साधी आहे. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल, पण आधीसारखा येईलच असं नाही. मालन म्हणली, आधीसारखा आणूच नका.

या आवाजाचं आधी सांगतो, कारण तू त्यावर पानभर लिहिलंयस. मी सतरा वर्षांचा असताना मानवतच्या एका जिनिंगमध्ये लागलो. आधी हमाली केली, मग रेच्यांच्या खोलीत गेलो. कापसातून सरकी वेगळी काढणारं मशीन म्हणजे रेचा. असे चोवीस रेचे एका पत्र्याखाली चालायचे. शेजारच्या माणसाला पाणी मागायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. त्या खोलीत मी अकरा वर्षं होतो. दिवसा ओरडायचो, घरी आलो की तोच आवाज निघायचा, मला कळायचं नाही. उजव्या कानानं मला आजबी कमी ऐकू येतं. पैशानं आवाज वाढतो असं तू लिहिलंस. माझा आवाज पैसा यायच्या लय आधी वाढला होता.

पुढं रेचे दुरुस्त करायला शिकलो. मग एक जिनिंग बंद पडलं, त्यातले सहा गंजलेले रेचे कुणी घेईना, ते मी घेतले. माझं सगळं तिथून. एवढंच आहे, गोष्टीत घालण्याजोगं त्यात काही नाही.

आता ट्रॉलीचं. हे मी मालनलासुद्धा लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं.

अक्काचं, म्हणजे तुझ्या आईचं, लग्न शहाऐंशी सालचं. आमी चार एकरवाले, तिकडं वालूरला सत्तर एकर. पोरगी दिसायला चांगली म्हणून त्यांनी पसंत केली. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी तिला माहेरी न्यायला मुराळी म्हणून गेलो. माझ्या पहिल्या हमालीतून तिच्यासाठी साडी घेतली होती. पोपटी रंगाची, मोठ्या पिवळ्या फुलांची. दुकानदाराला मी तीनदा विचारलं, मोठ्या घरात चालंल का. तो चालंल म्हणला. रात्री अक्काच्या हातात दिली. ती हसली, घडी पोटाशी धरून आत गेली.

सकाळी मी तोंड धुवायला गोठ्याकडं गेलो. तिथं घरकाम करणारी चांगुणाबाई शेण काढायलीती. तिच्या अंगावर ती साडी होती.

मी तसाच माघारी फिरलो. अक्काला घेऊन आलो, पंचमी झाली, परत सोडून आलो. पण मला कळलं की माझ्या हातची वस्तू त्या घराच्या उंबऱ्याच्या आत एक रात्रबी राहिली नाही. तुझ्या आजीनं नाहीतर चुलत्यांच्या बायकांनी उचलून दिली असंल, असं मी धरलं. त्या दिवशी ठरवलं, एकदा असा आहेर नेईन की तो दाराआड सारता येणार नाही, गोठ्यात देता येणार नाही, आणि गावातल्या एकाएका माणसाला दिसंल की हा बायना अक्काच्या माहेरचा आहे. सत्तावीस वर्षं लागली. बॅंड म्हणूनच होता.

तुमी हसायलात हे मला त्या दिवशीच दिसलं होतं, राजू. मला वाईट वाटलं नाही. मी तुमच्याकडं बघतच नव्हतो, मी गोठ्याकडं बघायलो होतो.

तुझी आई माझ्या घरी कधी एक रात्र राहिली नाही. सकाळी येती, संध्याकाळच्या एसटीनं परत जाती. दाजी पाठवत नसतील असं मी समजतो. दाजींबद्दल माझ्या मनात वाईट नाही, त्यांनी मला कधी टोचून बोललं नाही. कधी बोललंच नाही म्हण.

हे आईला सांगू नकोस. माया असू दे, आणि गोष्टी लिहीत राहा.

तुझा,
मामा


वालूर,
३ डिसेंबर २०२४

चि. योगीराजास, अक्काचा डोक्यावरून हात.

तू सांगू नको म्हणलास तरी राजूनं सांगितलं. तिला रागावू नको. रविवारी आली, मी डाळ निवडायलते, तिथं खाली बसली आन् तुझं पत्र वाचून दाखवलं. मी म्हणलं, परत वाच. परत वाचलं. मग मी तिला म्हणलं, आता तू जा, तुझी एसटी जाईल.

सातवीपर्यंतचं लिहिणं, हात राहिलेला न्हाई. चुका सोडून वाच.

योगीराज, साडी सासूबाईनं दिली न्हाई. जावांनी बी न्हाई. मी दिली.

त्या रातीला मी साडी घेऊन आत गेले. जावा बसल्या होत्या. थोरली म्हणली, बघू तर भावानं काय आणलं. तिनं घडी उलगडली आन् दोघींनी एकमेकींकडं बघितलं.  तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या म्हणल्या, भावाची साडी हाय, सकाळी नेसून देवापुढं उभी ऱ्हा. ती बाई असं चांगलं बोलली बघ. पण माझ्या तोंडून निघून गेलं, की ही माझी न्हाई, माझी माहेरी ठेवलीय, ही चांगुणाबाईसाठी आणलीय त्यानं. एकदा बोलले, मग माघारी घेता आलं न्हाई. मीच उठून तिला देऊन आले. ती लय खूश झाली. सहा पंचम्या नेसली ती.

मला तीन महिने झालते त्या घरात येऊन. कोण कसं बसतंय, कसं बोलतंय, ते मी रोज बघून बघून करायची. मला वाटायचं, त्यांच्यासारखं झालं पायजे. तुझ्या साडीनं मी कुठली हाय ते उघडं पडलं असतं असं मला वाटलं. मला माझ्या भावाची लाज वाटली. हे लिवायला अडतीस वर्सं लागली.

सकाळी तू गोठ्याजवळ उभा होतास ते मी माडीच्या खिडकीतून बघितलं. तुझ्या हातात तांब्या होता आन् पाणी सगळं खाली सांडायलतं. मी खिडकी लावून घेतली.

मी तुझ्याकडं मुक्कामाला येत न्हाई त्यात राजूच्या आबांचं कायबी न्हाई. ते म्हणतेत, जा, राहा चार दिस. मलाच वाटायचं, रातीला दोघं भाऊ-बहीण बोलत बसलो तर माझ्या तोंडून निघंल. म्हणून उजेडातच निघून यायची.

ट्रॉली आली त्या दिवशी सगळ्यायला वाटलं पोरगी चालली म्हणून आई रडायलीय. पोरीसाठी मी रातीलाच रडून घेतलं होतं. ते तुझ्यासाठी होतं. बॅंड ऐकला तवाच मला समजलं तू काय करायलास ते.

तू ज्यांच्यावर राग धरलास त्या गेल्या. राग धरायचा तर माझ्यावर धर. पण राजूला हे लिव म्हण. माझं नाव घातलं तरी चालंल.

औषध वेळेवर घे. मालनला सांग, गरम पाण्यात हळद घालून दे. तुझ्या पत्राची वाट बघायचा मला हक्क हाय का न्हाई ते तूच ठरव.

तुझी,
अक्का


मानवत,
१२ डिसेंबर २०२४

ती. स्व. अक्कास, योगीराजचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

उत्तराला नऊ दिवस लागले. आधीचे चार दिवस मला लिहिता आलं नाही, हे खरं सांगतो. मालन विचारायली, काय झालं. मला बोलायला बंदी, त्यामुळं एक बरं झालं, सांगावं लागलं नाही. पाचव्या दिवशी पत्रच तिच्या हातात दिलं. वाचून ती म्हणली, अठरा-एकोणीस वर्षांची पोर होती हो. मी म्हणलं, म्हणजे कागदावर लिहिलं, मीबी सतराचाच होतो. तिनं तो कागद वाचला आणि माझ्यासाठी चहा केला.

अक्का, मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. पण ज्याचं वाईट वाटायला पाहिजे ते वेगळंच निघालं. तुझ्या सासूबाई वारल्या तवा मी मातीला आलो होतो. सगळे पाया पडायले, मीबी पडलो, पण मनात म्हणलं, घे, माझा नमस्कार दाराआड ठेव. ज्या बाईनं माझी साडी देवापुढं नेसायला सांगितली तिला मी असं म्हणलो. तिची माफी आता कुणाकडं मागू? सत्तावीस वर्षं मी रोज पहाटं त्या रागावर उठलो. थंडीत रेच्याचं लोखंड हाताला चिकटायचं तवा तीच साडी डोळ्यापुढं आणायचो. राग कामाचा होता, दार तेवढं चुकीचं होतं.

तुझ्यावर राग धर म्हणलीस. दोन दिवस धरून बघितला. जमंना. खिडकीचं वाचलं आणि मग मला तूच दिसायलीस, खिडकी लावून आत एकटी उभी. त्या घरात त्या दिवशी माहेरचं दुसरं कुणी नव्हतं, मी होतो आणि माझ्याजवळच तुला येता येत नव्हतं. मी तर गोठ्यातून निघून मानवतला आलो. तू तिथंच राहिलीस, त्यांच्यासारखं बसायला-बोलायला शिकत. माझ्या अकरा वर्षांपेक्षा तुझं काम अवघड झालं असंल.

आणि लाजेचं म्हणशील तर मागच्या वर्षी हरिओमचे पुण्याचे दोस्त आले होते. त्यानं मला हळूच सांगितलं, पप्पा, जरा कमी बोला. मी जेवण होईपर्यंत बोललो नाही. नंतर तो स्वतःच येऊन माझ्याजवळ पाय दाबत बसला. पोरं चांगली असली तरी असं होतं.

काल महिना पूर्ण झाला. डॉक्टरांनी पहिला शब्द बोलायला लावला. बारीक, फाटका आवाज निघाला. मालन म्हणली, घरात कुणी परका माणूस आलाय असं वाटतं, पण माणूस बरा दिसतो.

आता माझं ऐक. संक्रांतीच्या आधी ये, आठ दिवसांची तयारी करून ये. परतीची एसटी बघायची नाही. वरच्या मजल्यावरची खोली सहा वर्षांपूर्वी घर बांधलं तवा तुझ्यासाठी म्हणून काढली होती. त्यात आता हरिओमच्या जुन्या सायकली आणि सरकीची पोती आहेत, ती मालन काढायलीय. रात्री बोलत बसू. मी हळू बोलतो, तुला जवळ सरकावं लागंल.

हक्काचं परत विचारू नकोस. तुझाच आहे.

तुझा,
योगीराज


पाथरी,
५ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस, राजूचा सा. न., या वेळी थोडा धीर करून.

परवा आईला वालूरहून मानवतच्या गाडीत बसवलं. तिच्याजवळ दोन पिशव्या, तिळाचा डबा आणि एक उशी होती. मी म्हणाले, मामांकडं उशा असतील. ती म्हणाली, असतील, पण नव्या जागी झोप यावी म्हणून आपली घेतली. साठीला आलेली बाई पहिल्यांदा भावाकडं मुक्कामाला निघाली होती. गाडी सुटेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि सुटल्यावर खिडकीतून काहीतरी सांगत राहिली, ते मला ऐकू आलं नाही.

काल मामींचा फोन आला की तुम्ही दोघं रात्री दोनपर्यंत बोलत होतात आणि सकाळी तुमचा आवाज पुन्हा बसला. डॉक्टरांनी परत लिहायला लावलं तर माझ्यावर ढकलू नका.

त्या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं दुसरी गोष्ट मागितली आहे. आई म्हणते, तिची लिही. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत नाही, म्हणून विचारते. तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही. पहिल्या वेळी विचारायला हवं होतं ते आता विचारते आहे.

एक मात्र कळलं. आबांना मी इतकं मोठं का केलं ते. जो माणूस बोलत नाही त्याच्या मनात काय आहे ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि मला ते चांगलंच ठरवावंसं वाटलं, कारण ते माझे वडील आहेत. तुम्ही तर सगळं बोलून टाकता. तुमच्या मनात आणखी काही असेल असं मला वाटलंच नाही.

अंकाची एक प्रत वालूरला आबांच्या टेबलावर ठेवून आले आहे. आतापर्यंत मी ती त्यांच्यापासून लपवली होती. ते काही म्हणतील असं वाटत नाही.

तुमचा हात डोक्यावर आहे असं धरून चालते. नसेल तर तसं कळवा.

आपली,
राजेश्री


वालूर,
९ जानेवारी २०२५

श्री. योगीराज यांस, माणिकराव यांचा स्नेहपूर्वक नमस्कार.

आपल्याला मी पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे. इकडे सर्व क्षेम. सौ. बायना तिकडे आनंदात असेल. तिला घाईने पाठवू नये. माझ्या जेवणाची व्यवस्था आहे.

राजूने ठेवलेला अंक वाचला. जाण्याआधी बायनाने मला साडीची हकीकत सांगितली होती, त्यामुळे दोन्ही एका जागी ठेवून विचार करता आला. राजूने मला फार मोठा माणूस केले आहे. चष्मा काढून ठेवला आणि या गोष्टीत मी करतो काय, ते आठवू लागलो. मी बसतो, बघतो आणि एक अंगठी देतो. त्या अंगठीचेही खरे सांगतो. लग्नाची सगळी खरेदी बायनाने आणि कारभारी सिताराम याने केली होती. मुलीला आपल्या हाताने काही द्यायचे असते, हे मला ऐन वेळी सुचले. कपाट उघडले तेव्हा ती हाताला लागली. लोकांना ते भारी वाटले आणि मी वाटू दिले.

जमीन कुठून आली, असे आपण राजूला विचारल्याचेही बायनाने सांगितले. ते मी सांगू शकतो. माझे पणजोबा दुसऱ्यांच्या विहिरी खोदत. पहिले आठ एकर त्यांना त्या मेहनतीपोटी मिळाले, बाकी त्यांनी आणि आजोबांनी वाढवले. त्यांच्या अंगाला कायम मातीचा वास येई आणि गावातली जुनी मंडळी त्यांना पंक्तीत कडेला बसवत, असे आजी सांगत असे. वडिलांच्या काळात आम्ही मधोमध बसू लागलो. माझ्या वाट्याला तीच जागा आली. मी त्यात एक एकर मिळवले नाही, गमावलेही नाही. एवढेच माझे कर्तृत्व.

त्या पंचमीचे मला काहीच आठवत नाही. आपण आलात, राहिलात, सकाळी गोठ्याकडे गेलात, त्या दिवशी मी घरीच असणार. आपल्याला आणि बायनाला एक एक गोष्ट अडतीस वर्षे आठवते आणि मला काहीच नाही. मला कधी काही लक्षात ठेवण्याची गरज पडली नाही. या आठवड्यात मला सर्वांत जास्त टोचले ते हे.

लिहिण्याचे कारण असे. आमचा कापूस दर वर्षी सिताराम मानवतच्या बाजारात नेतो. त्रेसष्ट वर्षांत मी तो विकला जाताना पाहिलेला नाही. आताची शेवटची वेचणी घेऊन मी स्वतः येणार आहे. सिताराम म्हणाला, मालकांनी गाड्यांच्या रांगेत उभे राहणे बरे दिसत नाही. त्याला मी घरी थांबायला सांगितले आहे. ट्रॅक्टर मी चालवतो, ते येते.

बाकीचे येत नाही. बाजारात गाडी कोणत्या फाटकातून घ्यायची, नंबर कुठे लावायचा, किती वाजता पोहोचायचे, लिलावाला कापूस दाखवताना आपण जवळ उभे राहायचे की बाजूला, दुपारची भाकरी बरोबर आणायची की कसे, यातले मला काहीही माहीत नाही. इथे विचारले तर लोक माझे काम काढून घेतील. आपण हे सगळे तळापासून केलेले आहे. म्हणून आपल्याला विचारतो.

उत्तर जरा सविस्तर लिहावे. आणि एवढ्यात बायनाला सांगू नये. तिने मला रांगेत उभा असलेलाच पाहावा, असे वाटते.

आपला,
माणिकराव